घेतलेली जुनी गाडी परत करावी काय?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘ग्राहक आणि कायदा’ असा भारदस्त विषय छापलेला आहे. आम्ही पडलो बँकेतील कारकून, तेही कला शाखेचे पदवीधर. एवढा मोठा विषय आम्हाला पेलणारा नाही. म्हणून त्यातील एकच तुकडा आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. डीलरकडून जुनी चारचाकी घेतली, घरी आणली, हार घातला, पेढे वाटले आणि आठ-दहा दिवसांत ती सदोष निघाली. आता ती परत करावी, की पदरी पडले पवित्र झाले म्हणून ठेवून घ्यावी?

हा प्रश्न आता श्रीमंतांचा राहिलेला नाही. गोरेगाव, आमगाव, सडक अर्जुनी, तिरोडा, कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, शिक्षकाच्या, रेल्वेच्या नोकरदाराच्या, दोन-चार एकर धान करणाऱ्याच्या दारात जुनी घेतलेली गाडी दिसते. नवी झेपत नाही, म्हणून जुनी. तिचा पैसा कोठून येतो हे आम्ही काउंटरवर बसून पाहत असतो. कोणाची भविष्य निर्वाह निधीची रक्कम असते, कोणाचे धानाचे चुकारे असतात, आणि उरलेले कर्ज. दोन-अडीच लाखांची गाडी म्हणजे अशा घराची कित्येक वर्षांची शिल्लक असते. ती सदोष निघाली तर नुकसान फक्त लोखंडाचे होत नाही.

आमच्या घरीही काही वर्षांमागे अशी एक गाडी आली. नऊ वर्षे वापरलेली, पेट्रोलवर चालणारी. डीलरचे नाव आम्ही सांगणार नाही. मुद्दा त्या एका माणसाचा नाही. किंमत दोन लाख पंचेचाळीस हजार. पैकी दीड लाख कर्ज, बाकी थोरल्या भावाच्या निवृत्तीच्या रकमेतून. गाडी घेण्याचे कारण आमची आई. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी गोंदियाला न्यावे लागे आणि परतीच्या वेळी एस.टी.त उभे राहण्याची ताकद तिच्यात उरत नसे. गाडी घेताना ओळखीचा मिस्त्री सोबत नेला होता, तीन-चार किलोमीटर चालवूनही पाहिली होती. काही आढळले नाही. नवव्या दिवशी देवरीकडे जाताना चाळीस मिनिटांनी काटा वर चढला आणि मागून पांढरा धूर निघू लागला. मिस्त्रीने ऑईलचे झाकण उघडले तर आत दुधट साय जमलेली. हेड गॅस्केट गेलेले होते आणि पाणी ऑईलमध्ये उतरत होते. रेडिएटरमध्ये गळती थांबविण्याचे औषध ओतलेले सापडले. ते औषध असेपर्यंत, आणि गाडी थोडा वेळच चालविली तर, कोणालाही काही कळत नाही.

डीलर उर्मट असता तर निर्णय सोपा होता. पण तो अत्यंत नम्र निघाला. चहा पाजला आणि म्हणाला, “गाडी आणून ठेवा, हेड उघडून करून देतो, एक रुपया घेणार नाही.” झाले, घरात दोन तट पडले. भाऊ म्हणाले, “माणूस करून देतो म्हणते, तर काहून वाद वाढवता? उद्या याच रस्त्यानं जायचं आहे.” आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे वेगळे होते. दुरुस्तीनंतर पुन्हा तापली तर तो म्हणेल की तुम्हीच तापवून-तापवून इंजिन घालविले, मग काय उत्तर देणार? आई एवढेच म्हणाली, “मले त्या गाडीत बसाची भीती वाटते.”

या ठिकाणी कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. त्यातील कलम १६ चे सार असे की, त्या प्रकारचा माल विकणे हाच ज्याचा धंदा आहे, त्याने वर्णनावरून विकलेला माल विक्रीयोग्य प्रतीचा असलाच पाहिजे, ही न लिहिलेली अट विक्रीत धरलेली असते. ग्राहकाने माल तपासला असेल तर त्या तपासणीत जे दिसायला हवे होते त्याबद्दल तक्रार चालत नाही. पण जे दिसूच शकत नव्हते त्याबद्दल चालते. घासलेला टायर डोळ्यांना दिसतो. औषध ओतून झाकलेले गॅस्केट दिसत नाही. आमचा वाद नेमका या फरकावर उभा होता.

आता खरी मेख. कलम ४२ सांगते की माल ताब्यात घेऊन वाजवी मुदत उलटेपर्यंत ‘आम्ही हा नाकारतो’ असे विक्रेत्याला कळविले नाही, किंवा आपलाच असल्यासारखा व्यवहार त्यावर केला, तर तो स्वीकारला असे मानले जाते. आणि कलम १३ प्रमाणे एकदा माल स्वीकारला की सामान्यतः परत करण्याचा अधिकार संपतो. उरते फक्त नुकसानभरपाई मागणे. म्हणजे आपण घरात विचार करीत बसतो, गाडी मात्र लग्नाला, बाजाराला, पोरांच्या शाळेला चालूच असते, आणि तिकडे आपला अधिकार दिवसादिवसाने झिजत असतो. डीलर गोड बोलून महिनाभर ‘उद्या करतो, परवा करतो’ म्हणतो, त्यात त्याचा कावा असेल वा नसेल, फायदा त्याचाच होतो. म्हणून परत करायची की नाही हे आधी ठरवावे आणि मग दुरुस्तीचे बोलणे करावे. आपल्याकडे नेमके उलटे चालते.

वाजवी मुदत म्हणजे किती दिवस, हे १९३० चा कायदा सांगत नाही. पण ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात एक उपयोगी तरतूद आहे. सदोष माल परत घेण्यास आणि पैसे देण्यास नकार देणे ही त्या कायद्याने ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरविली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर तीस दिवस. योगायोग असा की इंग्लंडमध्येही २०१५ च्या कायद्याने सदोष माल नाकारण्यासाठी ग्राहकाला तीस दिवस दिलेले आहेत आणि डीलरकडून घेतलेली जुनी गाडीही त्यात येते. तेव्हा ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुकानातील पाटी वाचून घाबरण्याचे कारण नाही. पाटी लावल्याने कायदा बदलत नाही.

आम्ही अकराव्या दिवशी पत्र दिले. एक पानाचे, मराठीत, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. गाडीचा क्रमांक, घेतल्याची तारीख, दिलेली रक्कम, दोष केव्हा आणि कसा दिसला, मिस्त्रीने लेखी काय दिले आणि शेवटी स्पष्ट शब्दांत, ‘सदर गाडी आम्ही नाकारीत आहोत, रक्कम परत करावी.’ गाडी अंगणात उभी केली, चावी खुंटीला टांगली, त्यानंतर तिला हात लावला नाही. कलम ४३ प्रमाणे नाकारलेला माल ओढत नेऊन विक्रेत्याच्या दारात टाकण्याची सक्ती ग्राहकावर नाही. नाकारल्याचे कळविले की पुरे. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तोपर्यंत आईला भाड्याच्या ऑटोने नेले. महाग पडले, पण तो खर्चही कागदावर लिहून ठेवला.

तीन आठवडे बोलणी झाली. डीलरने बारा हजार कापून बाकी रक्कम दिली. बारा हजार का सोडले, आयोगात का गेला नाहीत, असे आम्हाला पुष्कळांनी ऐकविले. आमचा हिशेब साधा होता. आईचे आठवड्याचे दोन दिवस कोणत्याही तारखेसाठी थांबणारे नव्हते. लढणे हा अधिकार आहे, पण कधी आणि कशासाठी लढायचे हे घराने ठरवावे, पाहुण्यांनी नव्हे.

डीलर चेक देत होता. आम्ही नम्रपणे नको म्हटले. चेकची मुदत तीन महिने असते, न वटल्यास बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, पुढे पंधरा दिवस वाट पाहावी लागते, मग फौजदारी न्यायालय. एका वादातून दुसऱ्या वादात कशाला पडावे? दीड लाख थेट कर्ज खात्यात आणि बाकी भावाच्या खात्यात जमा झाल्यावरच चावी दिली.

कर्जाबद्दल दोन शब्द, कारण येथे आपली माणसे फार घोटाळा करतात. गाडी सदोष निघाली की रागाने हप्ता बंद करतात. बँकेचा करार तुमच्याशी आहे. गाडी चांगली की वाईट याच्याशी बँकेला कर्तव्य नाही. हप्ता चुकला की नोंद तुमच्या नावावर लागते आणि पुढे मुलाच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी ती आडवी येते. भांडण डीलरशी चालू द्या, हप्ता चालूच ठेवा. आणि गाडी परत करताना बँकेचे ना हरकत पत्र व तारणाची नोंद उतरविण्याचा फॉर्म ३५ विसरू नका.

याहून मोठा धोका नोंदणीचा. आमच्या बाबतीत परिवहन कार्यालयात नाव चढायचे होते, म्हणून सुटका सोपी झाली. पण गाडी तुमच्या नावावर झाली असेल आणि तुम्ही पैसे घेऊन नुसती चावी दिली, तर काय होईल? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगितले आहे की, नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक. त्या गाडीची एकामागून एक विक्री झाली होती, पण नोंदीत नाव पहिल्याचेच राहिले होते. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. म्हणजे परत केलेली गाडी डीलरने दुसऱ्या गिऱ्हाईकाला चालवून पाहायला दिली, रस्त्यात कोणी सापडले, तर समन्स तुमच्या घरी. एप्रिल २०२३ पासून नवे नियम आले आहेत. जुन्या गाड्यांच्या डीलरने परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र घ्यावयाचे आहे आणि मालकाने अशा डीलरकडे गाडी सोपविली की फॉर्म २९-सी भरून ऑनलाईन कळवावयाचे. त्यानंतर जबाबदारी डीलरची. पण हे संरक्षण अधिकृत डीलरच्याच बाबतीत आहे. तेव्हा गाडी घेतानाच ‘तुमचे प्राधिकारपत्र दाखवा’ म्हणावे. ज्याच्याजवळ ते असेल तो आनंदाने दाखवील.

परत कोणाकडे करायची, हाही प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. गोव्यातील एक प्रकरण सांगतो. एका ग्राहकाकडून डीलरने २०११ च्या मॉडेलचे पैसे घेतले आणि हाती दिली ती २००९ ची इंडिगो, ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली. म्हणजे नवी म्हणून जुनीच विकली. ग्राहकाने बदलून द्या नाहीतर पैसे द्या म्हटले, डीलरने नकार दिला. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग, तिन्ही ठिकाणी ग्राहक जिंकला. डीलर आणि टाटा मोटर्स दोघांनाही जबाबदार धरले गेले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटली. कंपनीने ती गाडी २००९ मध्येच डीलरला विकली होती, दोघांचे नाते मालक-नोकराचे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते, आणि डीलरच्या लबाडीची कंपनीला माहिती होती असे ग्राहकाने मांडलेलेच नव्हते. डीलरवरील जबाबदारी मात्र कायम राहिली. यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. बोनेटवर कोणत्या कंपनीचे चिन्ह आहे यावर विसंबू नये; पावतीवर सही कोणाची आहे ते पाहावे. आणि २०११ चे मॉडेल, निकाल २०२१ चा, हेही ध्यानात असू द्यावे.

विद्यार्थी मित्रांसाठी थोडे अर्थशास्त्र. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला ‘लेमन’ म्हणजे लिंबू म्हणतात. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये या लिंबांच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि २००१ मध्ये इतर दोघांसोबत त्यांना नोबेल मिळाले. म्हणणे असे की, गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधलीच किंमत देतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात लिंबेच जास्त उरतात. सदोष गाडी परत करता आली तर घेणाऱ्याच्या अज्ञानाची थोडी भरपाई होते. प्रामाणिक डीलरचाही त्यात फायदाच आहे.

मग प्रत्येक सदोष गाडी परतच करावी काय? नाही. बॅटरी, टायर, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, एसीचा गॅस, या झिजणाऱ्या वस्तू आहेत. जुनी गाडी म्हणजे जुनी; तिने नव्यासारखे वागावे ही अपेक्षाच चुकीची. नव्या गाडीच्या बाबतीतसुद्धा २००६ मध्ये मारुती उद्योग विरुद्ध गबगोत्रा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने क्लचच्या दोषासाठी अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश मान्य केला नाही. वॉरंटीप्रमाणे सदोष भाग बदलून देणे एवढेच कंपनीचे बंधन, असे सांगितले. पाच-सहा हजारांच्या कामासाठी नाते आणि महिना दोन्ही घालवू नये. डीलरकडून लेखी घेऊन काम करून घ्यावे.

उलट काही दोष असे की तेथे दुरुस्तीचे बोलणेच नको. चेसिस क्रमांक कागदाशी जुळत नाही, मागच्या मालकाचे कर्ज अजून उतरलेले नाही, मीटर मागे फिरविलेला आहे, गाडी पुरात बुडालेली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात एका रात्रीत वस्त्या पाण्याखाली गेल्या, तेव्हा उभ्या गाड्याही बुडाल्या. अशी गाडी पॉलिश करून कोठेही विकली जाऊ शकते. सीटच्या खालच्या पट्ट्यांत गाळ, सीटच्या बोल्टला गंज आणि कुबट वास, ही तिची लक्षणे. आपला जिल्हा सीमेवरचा, त्यामुळे बालाघाटची एमपी-५० आणि राजनांदगावची सीजी-०८ आपल्याकडे स्वस्तात मिळते. तिचे दुसऱ्या राज्याचे ना हरकत पत्र आणि येथे भरावयाचा कर हे दोन्ही हिशेबात धरल्याशिवाय ती स्वस्त म्हणू नये. डीलरने ‘सर्व कागद क्लियर’ सांगितले आणि तसे नसेल, तर तोही परत करण्याजोगा दोषच आहे.

‘जशी आहे तशी’ या तीन शब्दांकडेही लक्ष ठेवा. बँक ओढून आणलेल्या गाडीचा लिलाव करते तेव्हा ‘जशी आहे, जेथे आहे’ असे जाहिरातीतच छापते, कारण तिला नंतरची तक्रार नको असते. तेच शब्द डीलरच्या छापील पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात असतात. न लिहिलेल्या अटी लिहून वगळता येतात, असे १९३० च्या कायद्याचे कलम ६२ आहे. सही करण्यापूर्वी ती ओळ खोडायला सांगा. खोडत नसेल तर त्यातच बरेच समजले. मात्र त्या ओळीने खोटे बोलण्याची सूट कोणाला मिळत नाही. ग्राहक कायद्यात दोषाची व्याख्या करताना व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे केलेला दावा धरलेला आहे. मोबाईलवर त्याने पाठविलेला ‘एकदम कंडिशन, एक रुपयाचे काम नाही’ हा संदेश पुसू नका.

शेजाऱ्याकडून वा नातेवाइकाकडून घेतलेल्या गाडीला हे संरक्षण जवळजवळ नाही. तो व्यापारी नाही. त्याने खोटी वा चुकीची माहिती देऊन गाडी विकली असेल तर १८७२ च्या करार कायद्याने व्यवहार मोडता येतो, आणि ते सिद्ध करणे कठीण जाते.

बेरोजगार तरुणांना एक सांगायचे आहे. देवरी-आमगाव रस्त्यावर प्रवासी वाहतूक करण्यासाठी जुनी गाडी घेणारी बरीच मुले आहेत. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाही’ असे त्यांना तोंडावर सांगितले जाते. ते खरे नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूत धरलेली नाही. १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालविण्यासाठी टॅक्सी घेणाऱ्याचे उदाहरण देऊनच हे स्पष्ट केले. गाडी घेऊन ती पूर्णपणे दुसऱ्याला चालवायला दिली तर मात्र हे संरक्षण नाही.

डीलर ऐकतच नसेल तर गोंदियात जिल्हा ग्राहक आयोग आहे. गाडी नागपूरला वा रायपूरला घेतली असली तरी २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात देता येते. दोन वर्षांच्या आत द्यावी लागते. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग तपासणी करवून घेतो, म्हणून मधल्या काळात इंजिन उघडून टाकू नका. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागल्यास पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात तारखा पडतात. फोनवरून सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.

पत्राचा नमुना आम्ही हाताने लिहून मंडळाच्या वाचनालयात ठेवला आहे. ज्यांना लागेल त्यांनी उतरवून घ्यावा. तारीख आणि गाडीचा क्रमांक तेवढा आपला घालावा.

जय भीम.